हायब्रिड, स्ट्राँग, सेल्फ-चार्जिंग, ग्रीन : गाडी घेताना या शब्दांचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक शिक्षिका जुनी पेट्रोल हॅचबॅक बदलायला निघाल्या आहेत. शाळेत जाऊन-येऊन रोज पस्तीसेक किलोमीटर, शिवाय महिन्यातून एखादी मुंबई. चार शोरूम पालथी घातली. एकाने ‘स्मार्ट हायब्रिड’ दाखवली, दुसऱ्याने ‘सेल्फ-चार्जिंग स्ट्राँग हायब्रिड’, तिसऱ्याने इलेक्ट्रिक. चौथा म्हणाला, ‘मॅडम, सीएनजी घ्या, तीही ग्रीनच.’ त्यात लंडनला हॅरोमध्ये राहणारी मुलगी फोनवर विचारते, ‘तिकडे अल्ट्रा लो एमिशन गाडी मिळत नाही का?’ यातली खरोखर कमी प्रदूषण करणारी गाडी कुठली आणि या नावांवर विश्वास किती ठेवायचा, हे त्यांना हवं आहे.

नमस्कार बाई. पिंपरी-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या चाचण्यांवर बरीच वर्षं काढली आणि आता शोरूमच्या विक्री कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो, त्यामुळे हे शब्द दोन्ही बाजूंनी ऐकलेले आहेत. घोळ तुमच्या समजुतीत नाही, शब्दांतच आहे. काही शब्द गाडी कशावर चालते ते सांगतात: हायब्रिड, सीएनजी, इलेक्ट्रिक. काही शब्द धुराबद्दल बोलतात: बीएस-६ (धुराची सरकारी मर्यादा), झीरो एमिशन, अल्ट्रा लो एमिशन. आणि काही शब्द, उदाहरणार्थ ‘स्मार्ट’ किंवा ‘ग्रीन’, काहीच सांगत नाहीत. विक्रेता तिन्हींची मिसळ करून वाढतो. तुम्ही मात्र त्याला एवढंच विचारा: या गाडीत ऊर्जा शिरते कुठून, पंपाच्या नळीतून की चार्जरच्या पिनेतून? आणि ‘कमी’ म्हणता तो नेमका कुठला वायू, आणि तो मोजला कुठे? या दोन प्रश्नांवर निम्मी माहितीपत्रकं गळून पडतात.

सुरुवात ‘स्मार्ट हायब्रिड’पासून करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. तांत्रिक भाषेत ही माइल्ड हायब्रिड. इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा जनरेटर असतो. तोच स्टार्टरचं काम करतो, सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो, ब्रेक लावताना थोडी वीज साठवतो आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हात देतो. एकट्याच्या बळावर मात्र तो गाडी ढकलू शकत नाही. म्हणजे चाक फिरतंय तर इंजिन चालूच असणार. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलमध्ये हे तंत्र आणलं, तेव्हा इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेतून त्यालाही अनुदान मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून सरकारने माइल्ड हायब्रिडचं अनुदान बंद केलं, पण गाडीच्या पाठीवरची ‘हायब्रिड’ ही अक्षरं राहिली. यामाहाच्या फॅसिनो स्कूटरवरही २०२१ पासून ‘हायब्रिड’ लिहिलेलं दिसेल. तिथेही सुरुवातीच्या काही क्षणांपुरता मोटरचा आधार, बाकी सगळं पेट्रोल. तंत्र वाईट नाही, थोडी बचत होतेच. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ही गत.

आता गंमत बघा. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आली तेव्हा एकाच गाडीत दोन हायब्रिड होत्या. एक ‘स्मार्ट’, दुसरी ‘इंटेलिजंट इलेक्ट्रिक’. दोन्ही हुशारच! प्रमाणित मायलेज मात्र पहिलीचं लिटरला २१.११ किलोमीटर आणि दुसरीचं २७.९७. पहिली माइल्ड, दुसरी स्ट्राँग. नावावरून हा फरक कुणाला कळणार?

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर खरोखर गाडी हाकते. तुमच्या नाशकातल्या द्वारका सर्कलच्या गर्दीत पाच-पाच मीटर सरकताना इंजिन झोपलेलं असतं. वेग वाढला, चढ आला, बॅटरी उतरली की ते जागं होतं, आणि जागं झालं की ज्या भारावर ते कमी पेट्रोलात जास्त काम करतं तिथेच त्याला ठेवण्याची कसरत संगणक करतो. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. म्हणून या गाडीचं मायलेज शहरात चांगलं आणि हायवेवर त्या मानाने साधारण, असं उलटं चित्र दिसतं. होंडाच्या सिटी हायब्रिडची रचना थोडी वेगळी आहे: शहरात तिचं इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर फिरवतं आणि हायवेच्या वेगाला क्लच जुळून थेट चाकांना जोडलं जातं. माहितीपत्रकात ‘सिरीज’, ‘पॅरलल’ असे शब्द येतात ते याबद्दल. तुमच्या निर्णयात त्याने काही फरक पडत नाही.

‘सेल्फ-चार्जिंग’ या शब्दाचा मला मनापासून राग आहे. आपोआप चार्ज होणारी गाडी म्हटलं की फुकट वीज मिळते असा समज होतो. प्रत्यक्षात त्या बॅटरीतली प्रत्येक युनिट तुम्ही पंपावर भरलेल्या पेट्रोलातून आलेली असते. ब्रेकमधून परत मिळते तीसुद्धा, कारण गाडीला तो वेग दिला कुणी? पेट्रोलनेच. शिवाय ती बॅटरी किती मोठी? ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीत घरच्या बिलातली पुरती एक युनिटही मावत नाही. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने तर २०२० मध्ये टोयोटाच्या या ‘सेल्फ-चार्जिंग’ जाहिरातीला दिशाभूल करणारी ठरवलं. गाडी उत्तम, शब्द लबाड, एवढंच माझं म्हणणं.

हायब्रिडला पिनेने चार्ज करायची सोय दिली आणि बॅटरी मोठी केली की ती प्लग-इन हायब्रिड. भारतात ती मुख्यतः महागड्या परदेशी गाड्यांतच मिळते, तेव्हा तुमच्या यादीत नाही. तरी मुलगी तिचं नाव घेईल म्हणून सांगतो: रोज चार्ज केली तर ती इलेक्ट्रिकसारखी, नाही केली तर जड पेट्रोल गाडी. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. लोक अपेक्षेइतकी पिन लावतच नव्हते. प्रदूषण गाडीपेक्षा मालकाच्या सवयीवर ठरतं, त्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

बातम्यांतला ‘इलेक्ट्रिफाइड’ हाही असाच निसरडा शब्द. २०१७ मध्ये व्होल्वोने जाहीर केलं की २०१९ पासून येणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये विजेची मोटर असेल. बऱ्याच ठिकाणी बातमी छापून आली ती ‘व्होल्वो पेट्रोल-डिझेल सोडणार’ अशी. कंपनीच्या व्याख्येत माइल्ड हायब्रिडही बसत होती. इलेक्ट्रिफाइड म्हणजे इलेक्ट्रिक नव्हे, हे लक्षात ठेवा.

सीएनजी गाडीलाही पुष्कळ जण हायब्रिड म्हणतात, कारण दोन टाक्या असतात. ती दुहेरी इंधनाची गाडी. हायब्रिडला मोटर लागते. सीएनजी जळताना काजळी जवळजवळ नसते, म्हणून शहराच्या हवेला डिझेलपेक्षा ती नक्कीच बरी. पण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. त्यामुळे ‘तीही ग्रीनच’ हे अर्धं वाक्य झालं.

आता मुख्य मुद्दा, धूर. गाडीतून दोन प्रकारची घाण बाहेर पडते आणि त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नायट्रोजनचे ऑक्साइड, काजळी, कार्बन मोनॉक्साइड ही फुप्फुसाला लागणारी, जिथे सुटली तिथेच त्रास देणारी. कार्बन डायऑक्साइड श्वासाला बाधत नाही, तो पृथ्वी तापवतो, आणि तो नाशकात सुटला काय किंवा नागपुरात, परिणाम सारखाच. बीएस-६ हे नाव पहिल्या प्रकाराबद्दल आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर ते लागू झालं तेव्हा डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. मोठीच उडी. पण बीएस-६ प्रमाणपत्र कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीही म्हणत नाही. लिटरला आठ किलोमीटर देणारी दांडगी एसयूव्हीही बीएस-६ असते.

पीयूसीचंही तेच. पेट्रोल गाडीच्या नळकांड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलचा धुराचा दाटपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलाच जात नाही. पीयूसीचा कागद म्हणजे ‘इंजिन फार बिघडलेलं नाही’ एवढाच दाखला.

आणि हिरव्या रंगाचा गोंधळ! बीएस-६ गाडीच्या काचेवर नोंदणीचं जे स्टिकर असतं त्याच्या वरच्या कडेला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. खाली निळं असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी, केशरी असेल तर डिझेल. ती हिरवी पट्टी फक्त बीएस-६ची खूण आहे. इलेक्ट्रिक गाडीची संपूर्ण नंबरप्लेटच हिरवी असते, खासगी गाडीला त्यावर पांढरी अक्षरं. हायब्रिड कितीही स्ट्राँग असली तरी तिला हिरवी प्लेट नाही. याला पैशाचीही बाजू आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी ठेवली आहे ती इलेक्ट्रिक कारना, हायब्रिडना नव्हे. जीएसटीतही तसंच: इलेक्ट्रिकला ५ टक्के, हायब्रिडला मात्र साध्या पेट्रोल गाडीसारखाच, आकार आणि इंजिनानुसार, सप्टेंबर २०२५ पासून १८ किंवा ४० टक्के.

मुलीच्या शब्दाबद्दल. ब्रिटनमध्ये ‘अल्ट्रा लो एमिशन’ गाडी म्हणजे किलोमीटरला ७५ ग्रॅमपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणारी, अशी सरकारी व्याख्या वापरली गेली. कॅलिफोर्नियाच्या नियमांत हेच शब्द धुरकं करणाऱ्या वायूंसाठी आहेत, कार्बन डायऑक्साइडचा तिथे संबंध नाही. आणि लंडनचा ‘अल्ट्रा लो एमिशन झोन’, जो ऑगस्ट २०२३ पासून हॅरोसकट सगळ्या लंडनभर आहे, त्यात युरो-४ ची (आपल्या बीएससारखी युरोपातली धुराची मर्यादा), म्हणजे साधारण २००६ नंतरची पेट्रोल गाडी बिनदिक्कत फिरते. युरो-६ नसलेल्या डिझेलला मात्र दिवसाला साडेबारा पौंड पडतात. म्हणजे मुलीच्या शेजाऱ्याची पंधरा वर्षांची पेट्रोल कार त्या झोनमध्ये चालते, पण ब्रिटनच्याच व्याख्येने ती अल्ट्रा लो एमिशन नाही. भारतात हे नाव कुठल्याच नियमात नाही, त्यामुळे इथे कुणी ते वापरलं तर हसून सोडून द्या.

‘झीरो एमिशन’ हा शब्द खरा आहे, पण फक्त गाडीच्या शेपटीपाशी. इलेक्ट्रिक गाडीला धुराचं नळकांडंच नसतं. वीज मात्र कुठेतरी तयार होते, आणि तुम्ही नाशिककर असल्यामुळे हे समजावणं सोपं आहे: एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या तुम्ही पाहिल्यात. म्हणून थोडं गणित करू. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या किंचित वर कार्बन डायऑक्साइड सुटतो, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात. मध्यम इलेक्ट्रिक कार, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट घेते. म्हणजे किलोमीटरला ११० ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो सुटतो. प्रत्यक्षात लिटरला १५ देणारी साधी गाडी म्हणजे १५० च्या वर, आणि प्रत्यक्षात २२ देणारी स्ट्राँग हायब्रिड १०५ च्या आसपास. किलोला २५ देणारी सीएनजी गाडीही ११० च्या जवळ. पेट्रोलच्या आकड्यात रिफायनरी आणि वाहतूक धरलेली नाही, विजेच्या आकड्यात तारांमधली गळती नाही. दोन्हीकडे भर पडेल. इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी बनवतानाही कार्बन खर्ची पडतो, तोही गाडी रस्त्यावर यायच्या आधीच.

हे आकडे सांगितले की इलेक्ट्रिकचे भक्त आणि हायब्रिडचे भक्त दोघेही माझ्यावर चिडतात. पण आजच्या सरासरी विजेवर, निव्वळ कार्बनपुरतं, इलेक्ट्रिक, स्ट्राँग हायब्रिड आणि सीएनजी या तिघींमध्ये फार अंतर नाही हे खरं आहे. फरक पुढे पडतो. आज घेतलेली पेट्रोल हायब्रिड बारा वर्षांनी तेवढंच किंवा थोडं जास्तच पेट्रोल पिणार. इलेक्ट्रिक गाडी मात्र जशी वीज बदलेल तशी स्वच्छ होत जाते, आणि छतावर सोलर असेल तर आजपासूनच. शिवाय शाळेच्या फाटकापाशी, मुलं बाहेर पडतात त्या उंचीवर धूर नसणं, याचं मोल या ग्रॅमच्या हिशेबात येतच नाही. मला विचाराल तर इलेक्ट्रिकच्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे.

इलेक्ट्रिककडे वळलात तर दोन गोष्टी नीट वाचायला शिका. पहिली, चार्जर आणि बॅटरीचे आकडे. किलोवॅट म्हणजे जोर किंवा चार्जिंगचा वेग. किलोवॅट-अवर म्हणजे साठा, तुमच्या वीजबिलातली युनिट. विक्रेते दोन्हींना सरसकट ‘केडब्ल्यू’ म्हणतात. ४५ युनिटच्या बॅटरीला ३.३ किलोवॅटचा चार्जर लावला तर रिकाम्यापासून भरायला चौदा तासांच्या आसपास, ७.२ चा लावला तर सात तासांच्या आत-बाहेर. तुमच्या रोजच्या पस्तीस किलोमीटरला पाच-सहा युनिट पुरतात, तेव्हा छोटा चार्जरही रात्रीत सहज काम करेल. दुसरी गोष्ट रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर. आपल्या प्रमाणित चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही, त्यामुळे तो आकडा नेहमी फुगलेला असतो. टाटांनी नेक्सॉनच्या ४५ युनिटवाल्या मॉडेलला ४८९ किलोमीटर असा प्रमाणित आकडा दिला, आणि बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्ष मिळेल असा ३५० ते ३७० चा अंदाजही सोबत छापला. हा प्रत्यक्षातला आकडा छापणाऱ्या कंपनीचं मला कौतुक वाटतं. बाकीच्यांच्या प्रमाणित आकड्याला पाऊणपट करा आणि तो धरून चाला. कसाऱ्याचा घाट उतरताना बॅटरी थोडी भरते, येताना ते सव्याज वसूल होतं. मुंबईहून परतताना वाटेत एकदा चार्जिंग गृहीत धरा.

ई-२० आणि हायड्रोजन तुमच्या प्रश्नात नाहीत, पण शोरूममध्ये निघतीलच. ई-२० हा गाडीचा प्रकार नाही, ते पंपावरचं पेट्रोलच आहे, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज थोडं घटतं. फ्लेक्स-फ्युएल गाडी वेगळी. ती याहून कितीतरी जास्त इथेनॉल पचवते. हायड्रोजन-फ्युएल-सेल गाडी म्हणजे आतच वीज तयार करणारी इलेक्ट्रिक गाडी. ती आज तुम्हाला विकत मिळणार नाही, विषय संपला.

टेस्ट ड्राइव्हला गेलात की बॉनेट उघडायला लावा. भगव्या रंगाच्या जाड केबल दिसल्या तर तिथे उच्च दाबाची वीज खेळतेय, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड किंवा त्यापुढचं काहीतरी. नुसत्या काळ्या वायरी आणि पट्ट्याला लटकलेला जनरेटर दिसला तर ती माइल्ड. मग गाडी चालू करून पार्किंगमध्ये हळूच पुढे न्या. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी पुरेशी भरलेली असेल तर इंजिन गप्प राहील आणि डॅशबोर्डवर ‘ईव्ही’चा हिरवा दिवा लागेल. माइल्डमध्ये असं कधीच होत नाही. नोंदणी पुस्तकातला इंधनाचा रकानाही बघा, पण तिथे नुसतं ‘पेट्रोल/हायब्रिड’ असेल तर त्यावरून माइल्ड की स्ट्राँग ते ठरवू नका.

तुमच्यापुरतं माझं मत असं. रोजचं अंतर ठरलेलं, रात्री गाडी एका जागी उभी, लांबचा प्रवास क्वचित: हे इलेक्ट्रिकचं गिऱ्हाईक आहे. पार्किंगमध्ये पॉइंट मिळतच नसेल तर स्ट्राँग हायब्रिड, आणि बजेट तिथवर पोचत नसेल तर कंपनीतून बसवून आलेली सीएनजी. ‘स्मार्ट हायब्रिड’ गाडी आवडली तर जरूर घ्या, पण चांगली पेट्रोल गाडी म्हणून, त्या शब्दाचे जादा पैसे न मोजता. इलेक्ट्रिक ठरली तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी मात्र चार्जर बसवायला सोसायटीचं संमतिपत्र लेखी घ्या, आणि तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंतचं अंतर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. चार्जर पुष्कळदा गाडीबरोबर येतो. खिसा कापते ती मधली केबल.